चाकणचा किल्ला जमिनीत आहे

पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडतो आणि चाकणला तळेगाव–शिक्रापूर रस्त्याला छेदतो. या चौकातली कंटेनरची रांग दिवसरात्र सरत नाही. बजाज, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने याच परिसरात आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप त्यांच्या अवतीभवती. चौकाजवळच, जुन्या गावात, संग्रामदुर्ग आहे. तटाचे काही तुकडे, बुरुजांचे अवशेष, दरवाजाच्या खुणा आणि खंदकाची कुठे दिसणारी, कुठे हरवणारी रेघ एवढेच त्याचे आता उरले आहे. कारखान्यांना इथे जे घेऊन आले, त्यानेच किल्ल्यालाही आणले होते. जुन्नरकडून येणारी वाट, घाटांकडे जाणारी वाट आणि पुण्याची वाट चाकणच्या सपाटीवर एकत्र येतात. पंधराव्या शतकाच्या मध्यास बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार याने कोकणावरच्या स्वारीसाठी ठाणे निवडले ते चाकणच. पुढे निजामशाहीत शिवनेरीबरोबर चाकणही मालोजीराजांकडे आले आणि शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळात किल्लेदार फिरंगोजी नरसाळा स्वराज्याला येऊन मिळाला.

हा किल्ला आपल्या नजरेतून का सुटला, याचे उत्तर त्याच्या जातीत आहे. किल्ला म्हटले की मराठी मनासमोर डोंगर उभा राहतो. चढण, कडा, वर फडकणारे निशाण. संग्रामदुर्ग मात्र भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला, आणि भुईकोटाला यातले काहीच नसते. 2025च्या जुलैत युनेस्कोने ‘मराठा लष्करी स्थापत्य’ म्हणून जे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर असे डोंगरी किल्ले आहेत आणि सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी असे सागरी किल्ले आहेत. भुईकोट एकही नाही. निवड चुकली असे मला म्हणायचे नाही. त्या यादीमागचा विचार सह्याद्री आणि समुद्र यांचा आहे. पण डोंगरी किल्ल्याचे संरक्षण निम्मेअधिक डोंगरच करतो. तट ढासळला तरी कडा जागेवर राहतो आणि उद्याच्या माणसाला किल्ला वाचता येतो. भुईकोटाचे सगळे बळ माणसाने खणलेल्या आणि रचलेल्या मातीत असते. खंदक बुजला की किल्ल्याचा अर्थच पुसला जातो, वर चार बुरूज उभे असोत वा नसोत. म्हणून संग्रामदुर्गात आज सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर माझे उत्तर दगडी तट नव्हे, खंदकाची रेषा हे आहे.

याला 1660च्या वेढ्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही. मोगल सरदार शाहिस्तेखान जून महिन्यात पुण्याहून निघाला आणि 21 जूनच्या सुमारास चाकणसमोर आला. महाराज तेव्हा पन्हाळ्यावर आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. चाकणला कुमक मिळण्याची आशा नव्हती. आत फिरंगोजी आणि तीनशे-साडेतीनशे माणसे, बाहेर दख्खनच्या सुभेदाराची फौज. किल्ला साधारण चौरस, कोपऱ्यांवर आणि मध्ये बुरूज, भोवती सुमारे 30 फूट रुंद आणि 15 फूट खोल खंदक, पूर्वेकडून एकामागून एक दरवाजे ओलांडून आत शिरायची वाट. खानाने चारी बाजूंनी मोर्चे बांधले, दमदमे उभारून त्यांवर तोफा चढवल्या. पण पाऊस सुरू झाला होता. मोर्च्यांत चिखल, दारू ओली, खंदकात पाणी. वरून मारा करून काम होईना, तेव्हा मोगलांनी जमिनीखालून वाट काढली. उत्तरेकडच्या मोर्च्यापासून ईशान्येच्या बुरुजाखालपर्यंत सुरुंग खणत नेला आणि 14 ऑगस्टला दुपारी त्याला बत्ती दिली. बुरूज त्यावरच्या माणसांसकट उडाला. मोगल सैन्य खिंडाराकडे धावले तर समोर मातीचा नवा उंच बांध. बुरूज पडणार हे ओळखून आतल्या लोकांनी तो आधीच घालून ठेवला होता. त्या बांधाआडून त्यांनी तो दिवस आणि ती रात्र काढली. दुसऱ्या दिवशी बाहेरचा तट पडला, माणसे आतल्या कोटात हटली आणि मोगलांकडच्या राव भावसिंह हाडाच्या मध्यस्थीने किल्ला खाली झाला. मोगलांचे 268 लोक मेले आणि 600 जखमी झाले. दगडाचा बुरूज क्षणात गेला. मातीने आणखी एक दिवस दिला. चाकणचा अभ्यास करायचा तर इथून सुरुवात करावी.

अखेर किल्ला पडलाच, मग त्याचे कौतुक कशाला, असे विचारले जाते. किल्ला म्हणजे कधीच न पडणारी वस्तू अशी समजूत या प्रश्नामागे आहे. लष्करी हिशेबात किल्ल्याचे काम वेळ मिळवून देणे हे असते. सपाटीवरचे हे छोटे ठाणे 56 दिवस लढले आणि तेवढा पावसाळा खानाचे सैन्य इथे अडकून पडले. त्याच मुदतीत, जुलैमध्ये, महाराज पन्हाळ्यावरून निसटले. एका भुईकोटाला एवढी किंमत मोजावी लागली, तर सह्याद्रीतल्या एकेका किल्ल्याला किती, हा हिशेब खानाने केला असणार. चाकणनंतर तो पुण्यात लाल महालात येऊन राहिला आणि 5 एप्रिल 1663च्या रात्री महाराजांनी तिथे घातलेला छापा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. फिरंगोजीने मोगलांची चाकरी नाकारली, हेही या पडलेल्या किल्ल्याच्याच खात्यावर जमा आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि जास्त लोकप्रिय आहे: पडका किल्ला कोण पाहणार, पुन्हा बांधा, भव्य दरवाजा उभारा, लोक येतील. यावर युरोपात शंभर वर्षांपूर्वी वाद होऊन गेला आहे. आज फ्रान्समध्ये असलेल्या आल्सास प्रांतातला होहक्योनिग्सबुर्ग हा डोंगरमाथ्यावरचा किल्ला 1633 मध्ये स्वीडिश फौजेच्या 52 दिवसांच्या वेढ्यानंतर पडला आणि जाळला गेला. आल्सास जर्मनीकडे असताना कैसर विल्हेल्म दुसरा याने 1900 ते 1908 या काळात तो बोडो एबहार्ट या वास्तुविशारदाकडून पुन्हा उभा करून घेतला. आज तिथे पर्यटकांची रीघ असते, पण दिसते ते बरेचसे कैसरच्या मनातले मध्ययुग. त्याच सुमारास हायडेलबर्गच्या पडक्या राजवाड्याचा प्रश्न निघाला, तेव्हा गेऑर्ग डेहिओ या कला-इतिहासकाराने ठाम भूमिका घेतली की जपा, पुन्हा बांधू नका. फ्रेंचांनी सतराव्या शतकाच्या शेवटी उद्ध्वस्त केलेला तो वाडा बहुतांशी तसाच राखला गेला आणि पाहणारे तिथेही कमी नाहीत. माझे मत डेहिओच्या बाजूचे आहे. चाकणला तर कारण आणखी पक्के आहे. इथली मोठी घटना म्हणजे उडालेला बुरूज. तो नव्या दगडांत घडवून उभा केला तर 14 ऑगस्टची साक्षच बुजवल्यासारखे होईल. आहे त्या तटाची डागडुजी करावी, सांधे चुन्याने भरावेत, झाडांची मुळे काढावीत, पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, कारण तो चाकणमध्ये राहणाऱ्यांचा आहे. कारखाने आले, माणसे आली, घरांना जागा हवी. शेकडो वर्षांपूर्वीच्या खड्ड्यासाठी गावाने अडून राहायचे का? ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या इथे आहेत त्यांना उठवा, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही आणि तशी गरजही नाही. पण जिथे एकेका कारखान्याची हद्द इंचाइंचाने मोजून खांब रोवले जातात, त्या पट्ट्यात संग्रामदुर्गाच्या खंदकाची रेषा पक्की करणे अवघड म्हणता येणार नाही. जो भाग अजून उघडा आहे तो उघडा राहिला तर दाट वस्तीला मोकळी जागा मिळेल, पावसाचे पाणी जिरायला वाट मिळेल आणि किल्ल्याला त्याचा अर्थ परत मिळेल. 1818 मध्ये इंग्रजांनी चाकण घेतले आणि किल्ल्याचे लष्करी काम संपले. तेव्हापासूनचे त्याचे नुकसान तोफांनी केलेले नाही. ते थोडीथोडी माती टाकून, थोडीथोडी भिंत सरकवून झाले आहे.

म्हणून मागणी छोटी आहे. चाकण नगरपरिषद, भूमी अभिलेख खाते आणि राज्य पुरातत्त्व विभाग यांनी एकत्र बसून खंदकाची मोजणी करावी, ती नकाशावर चढवावी आणि जागेवर हद्दीचे दगड रोवावेत. पुढचे बांधकाम परवाने त्यानंतर द्यावेत.