प्रत्येक मरतुक मानमोडीची नसते

मुखेड : तालुक्यातील वाड्या-तांड्यांवर घरामागच्या खुराड्यात पाच-दहा गावठी कोंबड्या असणे ही नित्याची बाब. अडीअडचणीचा खर्च आणि पाहुणचार अनेकदा त्यांच्यावरच भागतो. कोंबडी पंख पाडून बसली, तुरा फिका पडला, विष्ठा हिरवी झाली, की 'मानमोडी आली' असे समजून आशा सोडली जाते. विषाणूजन्य मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, औषध नाही. लस हाच उपाय आहे. मात्र अशीच लक्षणे रक्तातील परजीवींमुळेही दिसतात आणि त्यांपैकी काहींवर उपचार शक्य असतात. म्हणूनच अचूक निदानाला महत्त्व आहे.

कोण हे परजीवी?

कोंबड्यांच्या हिवतापाचा 'प्लाझ्मोडियम गॅलिनेशियम' हा परजीवी डासांमार्फत पसरतो, तर 'ल्युकोसायटोझून' हा चिलटांसारख्या बारीक चावऱ्या माश्यांमार्फत. 'बोरेलिया अन्सेरिना' हा वास्तविक मळसूत्राच्या आकाराचा जिवाणू. पण तोही रक्तातच सापडतो. त्याचा प्रसार करणारी गोचीड दिवसा खुराड्याच्या भेगांत दडते आणि रात्री रक्त शोषते. त्यामुळे दिवसा कोंबडीच्या अंगावर ती सहसा दिसत नाही.

पक्ष्यांच्या हिवतापाचे मानवी वैद्यकावरही ऋण आहे. मुखेड परिसर निजाम राजवटीत असताना, त्याच संस्थानातील सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी आढळले. पुढे १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून डासांमार्फत होणारा प्रसार त्यांनी सिद्ध केला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

निदान कसे होते?

पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर त्याचा पातळ लेप दिला जातो. तो वाळल्यावर मिथेनॉलने पक्का करून गिम्सा रंगाने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या तेल-भिंगाखाली तपासतात. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते; त्यामुळे अननुभवी नजरेची गफलत होऊ शकते. हिवतापाच्या परजीवीत गडद रंगद्रव्याचे कण दिसतात. ल्युकोसायटोझूनमध्ये ते नसतात, मात्र त्याने ग्रासलेली पेशी वेडीवाकडी होते. बोरेलिया पेशींच्या बाहेर, नागमोडी धाग्यासारखा दिसतो.

एका लेपात काही आढळले नाही म्हणून रोग नाही, असे मानता येत नाही. परजीवी कमी असल्यास पुन्हा लेप घ्यावा लागतो किंवा पीसीआर चाचणी करावी लागते. बोरेलिया तर तापाच्या काळातच रक्तात सापडतो; नंतर तो दिसेनासा होतो. त्यामुळे तपासणीसाठी मेलेल्या नव्हे, तर आजारी पण जिवंत कोंबडीचे रक्त अधिक उपयोगी ठरते. बोरेलियावर पेनिसिलिन गुणकारी आहे. परंतु औषध आणि मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

सावधगिरी आवश्यक

कोंबड्यांचे हे रक्तपरजीवी माणसाला बाधत नाहीत. मात्र एकाएकी अनेक पक्षी दगावल्यास बर्ड फ्लूची शक्यता गृहीत धरावी लागते. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे जानेवारी २०२५ मध्ये कावळ्यांच्या मृत्यूमागे हाच रोग असल्याचे निष्पन्न झाले होते. अशा वेळी मृत पक्ष्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्वरित कळवावे.

एरवी खुराड्याच्या भेगा लिंपणे, आसपास पाणी साचू न देणे आणि मानमोडीची लस वेळेवर टोचून घेणे हे उपाय घरच्या घरी करता येतात. तरीही कोंबडी आजारी पडलीच, तर ती मरण्याची वाट न पाहता दवाखान्यात नेलेली बरी. एका थेंबाच्या तपासणीने उरलेले खुराडे वाचू शकते.