वळिवाचे वादळ : अंदाज कसा वाचावा व हाती आलेला वेळ कसा वापरावा

मुळशी तालुक्यातील मारुंजी व आसपासच्या गावांत वळिवाचा पाऊस वर्षातून दोन वेळा संभवतो : मार्चपासून मृगापर्यंत, आणि पुन्हा भातकापणीच्या सुमारास ऑक्टोबरात. हा पाऊस मोसमी पावसाप्रमाणे दिवसेंदिवस चालत नाही. परंतु अल्पावधीत वीज, सोसाट्याचा वारा व गारा ही तीन संकटे तो एकदम आणतो. त्यांची पूर्वसूचना कितपत मिळू शकते व तिचा उपयोग कसा करावा, याचे विवेचन येथे केले आहे.

दुपारपर्यंत जमीन तापते व तिला लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढू लागते. तीत समुद्रावरून आलेली दमट हवा मिसळली आणि वरच्या थरातील हवा पुरेशी थंड असली, म्हणजे हा चढाव थांबत नाही. ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच जातो व लोहाराच्या ऐरणीप्रमाणे पसरतो. ढगातील हिमकण व बारीक गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात. वीज निर्माण होते ती त्यामुळे. पावसाबरोबर थंड व जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चोहोकडे पसरते. सरीच्या आधी येणारा गार वारा तो हाच होय.

भांड्याखाली जाळ केला असता पाणी उकळेल हे निश्चित सांगता येते, परंतु पहिला बुडबुडा कोठे उठेल हे सांगता येत नाही. वळिवाचेही तसेच आहे. म्हणून अंदाज तीन टप्प्यांनी वाचावा.

पहिला टप्पा जिल्ह्याच्या इशाऱ्याचा. भारतीय हवामान विभाग तो काही दिवस आधीपासून रंगांनी देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. पुणे जिल्हा घाटमाथ्यापासून इंदापूरपर्यंत पसरलेला आहे. तेव्हा मारुंजी कोरडी राहिली एवढ्यावरून इशारा खोटा ठरत नाही. या टप्प्यात कापलेले भात, कडबा व वाळत घातलेला माल झाकून ठेवावा, फवारणी पुढे ढकलावी आणि गोठ्याचे पत्रे आवळून घ्यावेत.

दुसरा टप्पा पुढील तीन तासांच्या तात्कालिक अंदाजाचा. तो रडार व उपग्रह यांच्या निरीक्षणांवरून दिला जातो. पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल अ‍ॅप आपल्या भोवतीच्या २० व ४० किलोमीटर परिसरातील विजेची सूचना देते. ही सूचना मिळताच मजुरांना शेतातून परत बोलवावे व जनावरे झाडाखालून सोडवून गोठ्यात आणावीत.

तिसरा टप्पा आपल्या डोळ्यांचा व कानांचा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तीनाने भागावे. वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. तीस सेकंद वा त्याहून कमी भरल्यास काम तत्काळ थांबवावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

आसरा कोठे घ्यावा, हा प्रश्न जिवाचा आहे. दि. १७ एप्रिल २०२३ रोजी मारुंजीच्या जवळच असलेल्या रावेत-किवळे परिसरात वादळी वाऱ्यात लोखंडी जाहिरातफलक कोसळून त्याखाली पाच जण मृत्युमुखी पडले. आपल्या परिसरात आता शेतांच्या बांधाशी असे फलक, पत्र्याची कुंपणे व बांधकामाचे सांगाडे उभे आहेत. पावसापासून आडोसा देणारी प्रत्येक वस्तू वाऱ्यापासून वा विजेपासून रक्षण करतेच असे नाही. एकटे झाड, उघडी पत्र्याची शेड, विजेचा खांब व तारेचे कुंपण यांपासून दूर राहावे. पक्के घर किंवा काचा बंद केलेली चारचाकी गाडी हाच योग्य आसरा होय. विहिरीवरील पंप सुरू वा बंद करण्यास वादळात जाऊ नये.

वीज पडलेल्या मनुष्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्यास हात लावण्यास भिऊ नये. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देऊन कृत्रिम श्वास द्यावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेतकरी बंधूंनी व भगिनींनी हंगामापूर्वीच प्रत्येक शेतापासून सर्वांत जवळचे पक्के छप्पर कोणते व तेथे पोहोचण्यास किती मिनिटे लागतात हे ठरवून ठेवावे, आणि मजुरांनाही दाखवून द्यावे. तेवढी मिनिटे हाती असतानाच काम सोडले, तर अंदाजाचे चीज होईल.