लाईट नव्हे, ऊब जाते

ब्रोसार, क्वेबेक (कॅनडा) : नोव्हेंबर

आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा दोन दिवस ती घरभर काहीतरी शोधत होती. जिन्याखाली डोकावली, तळघरात जाऊन आली, वॉशिंग मशीनच्या मागेही पाहून झालं. तिसऱ्या दिवशी कळलं, ती इन्व्हर्टर शोधत होती. कऱ्हाडच्या घरी तो जिन्याखालीच आहे, शेजारी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि वर बाबांनी टाकलेलं जुनं पोतं. "एवढा मोठा देश, आणि लाईट गेल्यावर करता काय रे तुम्ही?" तिने विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "आई, इथे लाईट जात नाही."

ही गोष्ट २०२२ ची. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिलच्या बुधवारी, माझी ऐट पार उतरली.

सकाळपासून पाऊस होता. दिसायला साधाच, पण पडेल तिथे गोठणारा. वर उबदार हवेचा थर, खाली सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात अडकून बसलेली थंड हवा; मधून येणारं पाणी थेंबाच्या रूपातच खाली पोचतं आणि फांदीला, तारेला, गाडीच्या काचेला टेकताक्षणी बर्फ होतं. फ्रेंचमध्ये याला 'व्हेर्ग्ला' म्हणतात. दुपारपर्यंत आमच्या गल्लीतलं प्रत्येक झाड काचेचं झालं होतं. दिसायला इतकं सुंदर की मी फोटो काढत बसलो. मग फांद्या मोडायला लागल्या. आधी लवंगी फटाक्यासारखा आवाज, मग काचेची कपाटं कोसळल्यासारखा. अडीचच्या सुमारास फ्रीजची घरघर थांबली. त्या वादळात क्वेबेकमधल्या सुमारे अकरा लाख ग्राहकांची वीज गेली. आमची शुक्रवारी दुपारी आली.

वीज जाण्याला इथे 'पान' म्हणतात. गंमत म्हणजे ती जाते बहुतेक वेळा झाडांमुळेच. आणि वीज म्हणजे 'हायड्रो'. वीजबिल हे हायड्रोचं बिल, खांब हायड्रोचा, तक्रार करायची ती हायड्रोकडे. आपण विजेला सरसकट 'लाईट' म्हणतो, कारण आपल्याकडे ती आली तीच दिव्याच्या रूपात. हे लोक तिला पाण्याच्या नावाने ओळखतात. या दोन शब्दांत दोन देशांच्या विजेचा इतिहास आहे.

क्वेबेक हा कॅनडातला फ्रेंचभाषक प्रांत. इथली वीज बराच काळ खाजगी, मुख्यतः इंग्रजीभाषक भांडवलाच्या हाती होती. १९६२ ची निवडणूक इथल्या लिबरल पक्षाने या एका प्रश्नावर लढवली. घोषणा होती 'आपल्या घरात आपणच मालक', आणि मोहिमेचा चेहरा होते तेव्हाचे मंत्री रने लेव्हेक. पुढच्या वर्षी मोठ्या खाजगी वीज कंपन्या सरकारी 'हायड्रो-क्वेबेक'मध्ये विलीन झाल्या. नंतर उत्तरेला जेम्स बे भागात ला ग्रांद नदीवर प्रचंड धरणं उभी राहिली. तिथल्या क्री आणि इनुइट लोकांना कोणी विचारलंच नव्हतं; ते कोर्टात गेले तेव्हा कुठे १९७५ चा करार झाला. धरणग्रस्त हा शब्द फ्रेंचमध्ये आहे की नाही माहीत नाही, पण ती कहाणी कोयनेकाठच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिथलं एकटं रॉबेर-बुरासा वीजगृह ५,६१६ मेगावॅटचं. आपला कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा, म्हणजे जवळजवळ तीन कोयना एका ठिकाणी. कोयनेसारखंच तेही जमिनीच्या पोटात आहे. तिथून वीज ७३५ किलोव्होल्टच्या तारांवरून हजारेक किलोमीटर दक्षिणेला येते.

ही वीज स्वस्त आहे. दिवसाला पहिल्या ४० युनिटपर्यंत दर युनिटला सात सेंटांच्या आसपास, म्हणजे सव्वाचार-साडेचार रुपये. दिवसाला ४०! कऱ्हाडच्या घरात तेवढ्यात आठ-दहा दिवस निघतात. इतकी स्वस्त वीज हाताशी असल्यावर लोकांनी तेलाच्या भट्ट्या काढून टाकल्या आणि खिडक्यांखाली भिंतीच्या कडेने विजेचे लांबट हीटर लावून घेतले. धूर नाही, राख नाही, टाकी भरायची कटकट नाही. माझ्या घरात असे नऊ हीटर आहेत. जानेवारीत दिवसाला शंभर युनिट सहज जातात. स्वयंपाक विजेवर, गरम पाणी विजेवर, आता गाडीही विजेवर.

कऱ्हाडात भारनियमनाच्या दिवसांत पेपरात वेळापत्रक यायचं. कोयनेपासून तासा-दीड तासावर राहूनही आम्ही अंधारात बसायचो, पण बसायचो निवांत. वीज गेली की दिवा आणि पंखा जायचा, घर जागेवर राहायचं. गॅस होता, टाकीत पाणी होतं, गच्ची होती. इथे वीज कधी जात नाही या भरवशावर घरातलं सगळं एकाच तारेला टांगलं आहे. ती तुटली की अंधार ही सगळ्यात किरकोळ अडचण. लाईट नव्हे, घराची ऊब जाते.

त्या एप्रिलात बाहेर शून्याच्या वर-खाली होतं, म्हणून आमचं निभावलं. दुसऱ्या रात्री घरातला पारा बारावर आला. आम्ही बैठकीच्या खोलीत गाद्या टाकल्या, दारांना रजया लावल्या आणि बाल्कनीत ठेवलेलं दूध थंडच प्यायलो. हेच जानेवारीत उणे वीसमध्ये झालं असतं तर? या प्रश्नाचं उत्तर आमच्या शेजाऱ्यांकडे आहे. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, १९९८ साली सें-झाँ-स्युर-रिशेल्यू या गावात राहत होते.

१९९८ म्हटलं की इथली मंडळी जरा सरसावून बसतात, आपल्याकडे १९६७ च्या ११ डिसेंबरच्या कोयना भूकंपाच्या आठवणी निघाल्यावर बसतात तशी. ५ ते १० जानेवारी असे जवळजवळ सहा दिवस व्हेर्ग्ला पडत राहिला. काही भागांत एकूण शंभर मिलिमीटरच्या घरात. पोलादी मनोरे एकापाठोपाठ एक लोळले, हजाराच्या आसपास. लाकडी खांब तर हजारोंनी. क्वेबेकमध्ये चौदा लाख ग्राहक अंधारात गेले. मॉन्ट्रियलचे पाणी शुद्ध करणारे कारखानेच बंद पडले आणि महानगरात काही तासांपुरतं पाणी उरलं. लष्कर बोलवावं लागलं. हायड्रोचे अध्यक्ष रोज संध्याकाळी मुख्यमंत्र्यांच्या शेजारी उभे राहून माहिती द्यायचे; त्यांचा उंच गळ्याचा स्वेटर लोकांना अजून आठवतो. बुशेरव्हिल गावात तर रेल्वेचं डिझेल इंजिन रुळावरून उतरवून रस्त्यावरून नगरपालिकेपर्यंत नेलं आणि त्यावर वीज चालवली. शेजाऱ्यांचं गाव 'काळ्या त्रिकोणा'त, म्हणजे सगळ्यात जास्त दिवस वीज नसलेल्या पट्ट्यात होतं. तिथे काही घरांत महिनाभर वीज नव्हती. गोठेवाले एकच जनरेटर ट्रॅक्टरमागे बांधून या गोठ्यातून त्या गोठ्यात न्यायचे, गाईंच्या धारा यंत्राने काढाव्या लागत म्हणून. दूध निघायचं, पण डेअऱ्याही बंद, मग ओतून द्यायचं. हे सांगताना ते अजून गप्प होतात.

वादळात तीसहून जास्त माणसं गेली. काही गारठ्याने, काही आगीत, आणि काही केवळ ऊब मिळवण्याच्या धडपडीत. कोळशाची शेगडी घरात पेटवली, जनरेटर गॅरेजमध्ये लावला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि मग काहीच नाही. २५ वर्षांनी, २०२३ च्या एप्रिलातही, गॅरेजमधल्या जनरेटरने माणूस गेल्याची बातमी आलीच.

तर मग तयारी काय करायची? आईचं उत्तर तयार होतं : इन्व्हर्टर. मी कागद घेऊन हिशोब मांडला. आपल्याकडची १५० अँपियर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे १.८ युनिट. तिच्यावर दोन ट्यूब आणि दोन पंखे रात्र काढतात. इथला एक साधा १,५०० वॅटचा हीटर तीच बॅटरी तासाभरात चाटून पुसून मोकळा होईल. घर शंभर युनिट मागतं आणि बॅटरीत पावणेदोन. लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या आता लोक घेतात, पण त्या शून्याखाली चार्ज करता येत नाहीत, म्हणजे त्यांनाही उबेतच ठेवायचं. ऊब नाही म्हणून बॅटरी आणि बॅटरीसाठी ऊब!

म्हणून इथला शहाणा माणूस घर चालवण्याचा हट्ट सोडतो. फ्रीज, एक खोली, फोन, इंटरनेटचा डबा, आणि तळघरात खड्डा असेल तर पाणी उपसणारा पंप. हा पंप बाहेरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. बर्फ वितळायच्या दिवसांत वीज गेली की पंप थांबतो आणि तळघराचं तळं होतं. एप्रिलात आमच्या गल्लीत दोन घरांत झालं. एवढ्या गोष्टींना पाच हजार वॅटचा पेट्रोल जनरेटर पुरतो. तो ताशी दोन-तीन लिटर पेट्रोल पितो, तेव्हा थांबून थांबून चालवायचा. आणि वीज नसली की पेट्रोल पंपही बंद असतात, कारण तेही विजेवरच.

जनरेटर उघड्यावर, खिडक्या-दारांपासून लांब. इतपत मला कळत होतं. त्याची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटात घुसवून घर उजळवता येतं, असं कोणीतरी सांगितलं तेव्हा मात्र शेजारी माझ्यावर अक्षरशः ओरडले. ती वीज मेन पॅनेलमधून उलटी रस्त्यावर जाते, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो व्होल्ट होते, आणि मेलेली तार समजून हात लावणाऱ्या हायड्रोच्या वायरमनचा जीव घेते. म्हणून पॅनेलला ट्रान्सफर स्विच बसवायचा : एका वेळी हायड्रो नाहीतर जनरेटर, दोन्ही कधीच नाही. तो परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच बसवायचा. मला तो खर्च जनरेटरइतकाच पडला, आणि तो रास्त वाटला.

माझा जनरेटर मी उन्हाळ्यात घेतला, एकदा चालवला, टाकी तशीच भरलेली ठेवून झाकून टाकला. डिसेंबरात दोन तासांची पान झाली तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागला, पण तो ढिम्म. सहा महिन्यांचं शिळं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटून बसलं होतं. कारागिराने तो साफ केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपल्याकडचा मेकॅनिक ऑईल न बदलता पाच वर्षं स्कूटर दामटणाऱ्याकडे पाहतो.

शेजाऱ्यांची खरी तयारी मात्र जनरेटर नाहीच. त्यांच्याकडे लाकडाची शेगडी आहे, ओतीव लोखंडाची, चिमणीवाली, आणि अंगणात वाळलेल्या मेपलच्या ढलप्यांची रास. नदीपलीकडे मॉन्ट्रियल शहरात २०१८ पासून जास्त धूर करणाऱ्या शेगड्यांना बंदी आहे. अपवाद एकच, वीज तीन तासांहून जास्त गेली तर कोणतीही पेटवा. "म्हणजे तीन तास घड्याळ बघत कुडकुडायचं," ते म्हणतात. धुराची बंदी मला पटते, थंडीत तिथली हवा खरंच कोंदते. पण नियम करणाऱ्यांनीच हायड्रोवर पूर्ण भरवसा ठेवलेला नाही, हेही त्या अपवादात दिसतं.

शेजाऱ्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली, ती म्हणजे पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह. घर शून्यावर जातंय असं दिसलं की तो बंद करायचा, सगळ्यात खालचा नळ उघडायचा आणि पाइप रिकामे करायचे. भिंतीतला पाइप बर्फाने फुटला तर ते कळतं वीज आल्यावर, पाणी वाहायला लागतं तेव्हा. माझ्या घरात तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. आता त्याला लाल रिबीन बांधली आहे. शेजारीच तीन दिवसांचं पाणी, माणशी सहा लिटर, कारण इथलं सरकारच सांगतं की पहिले ७२ तास तुमचे तुम्ही काढा.

काल नोव्हेंबरचा पहिला रविवार. गल्लीत या दिवशी एक अलिखित रिवाज आहे. हवा पडलेली, झाडं रिकामी, आणि दहाच्या सुमारास कोणीतरी पहिली दोरी ओढतो. मग पलीकडचा, मग आम्ही. दहा मिनिटं सगळ्यांचे जनरेटर एकदमच धडधडतात. भार घेतात की नाही ते बघायचं, पेट्रोल संपेपर्यंत चालवायचं, ताजं भरायचं. मी ओट्यावर उभा होतो तेवढ्यात आईचा फोन आला. कऱ्हाडात रात्रीचे साडेआठ वाजले असतील. तिला माझं काहीच ऐकू येईना.

"कसला आवाज रे? कोणाचं लग्न आहे का गल्लीत?"

मी फोन जनरेटरच्या जवळ नेला.

"मांडवाच्या मागे असाच असतो," ती म्हणाली. "जेवणं झाली का मंडळींची?"