हात हँडलवर, मन माटोळीत

गोव्यात पाळीहून साखळीकडे निघालेला स्कूटरवाला. मोबाईल हेल्मेट आणि गालाच्या मधे खुपसलेला, दोन्ही हात हँडलवर, पुढे टिपर. हटकलंत तर म्हणेल, "हात मोकळे आहेत ना? मग झालं तर!" पण गोची हाताची नाहीच.

या समजुतीला कायद्याचाही थोडा हातभार आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये हातात धरलेल्या उपकरणाचा उल्लेख आला. पहिल्या गुन्ह्याला दंड 1,000 ते 5,000 रुपये, कैदेचीही तरतूद. कानात ब्लूटूथ अडकवलं की सुटलो, असा सोयीचा अर्थ लोकांनी काढला. पण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर यांनी सिम्युलेटरवर चाचण्या घेतल्या, तर फोन हातात असो वा नसो, बोलणाऱ्याचा ब्रेक उशिराच लागत होता. 2006 च्या अभ्यासात त्यांनी या चालकांची तुलना रक्तात 0.08 टक्के अल्कोहोल असलेल्यांशी केली. आपल्याकडची मर्यादा 0.03 आहे.

"पण मी समोरच बघत असतो." बघता खरं, पण दिसतंच असं नाही. ससेक्स विद्यापीठातल्या प्रयोगांत, ज्या बोलण्यातून मनात चित्र उभं राहतं त्याने चालकाची नजर आखडते आणि धोका हुकतो, असं आढळलं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरून फोन येतो, "माटोळीची कांगलां कुठे ठेवलीत?" (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेलं फळाफुलांचं छत, कांगलां ही त्यातली रानफळं.) झालं! मन ओसरीवर, कोनाड्यात, टोपल्यांत शोधू लागतं. ते चित्र रंगवायला आणि रस्ता बघायला मेंदूची यंत्रणा बरीचशी एकच.

दोन्ही कामं एकदम जमणारे लोक आहेत, नाही असं नाही. 2010 मध्ये 200 जणांच्या चाचणीत असे 2.5 टक्के निघाले. आपण त्यातलेच, असं मात्र प्रत्येकाला वाटतं. बाकीच्यांचा मेंदू या कामावरून त्या कामावर उड्या मारतो.

मग मागे बसलेली बायको बोलते, ते चालतं कसं? तिला टिपर दिसतो. ती वाक्य अर्धं सोडून "सावकाश हां!" म्हणते. फोनवरच्या माणसाला वळण कुठून दिसणार?

फोन ठेवला की लक्ष लगेच परततं, हाही भ्रमच. 2015 च्या एका अमेरिकी अभ्यासात, गाडीतल्या यंत्रणांना आवाजी आज्ञा देऊन झाल्यावरही काहींचा लक्षावरचा परिणाम 27 सेकंदांपर्यंत टिकलेला दिसला. ताशी 40 च्या वेगाने तेवढ्यात गाडी 300 मीटर पुढे गेलेली असते.