रुळालगतची शेळी

पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन चढलं की पुणतांब्यात माश्यांना ऊत येतो. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या कडेला गाडीखाली सापडलेली एक शेळी कुणीतरी ओढून बाभळीखाली टाकली होती. मी भिंग, चिमटा आणि तापमापक घेऊन तिच्याजवळ उकिडवा बसलेला पाहून एका गुराख्याने लांबूनच विचारलं, "मढ्यात काय बघताय, सर?"

वेळ बघत होतो. ज्या गावात चांगदेवांची समाधी आहे, ज्यांनी काळाला परत धाडत चौदाशे वर्षं काढली अशी कथा आहे, तिथे मृत्यूची वेळ शोधत बसावं, ही गंमतच.

मढ्यावर कोणती माशी कधी येते आणि तिच्या अळ्या किती वाढल्या आहेत, यावरून ही वेळ काढतात. पहिली येते ती हिरवट-निळी, टपोऱ्या तांबड्या डोळ्यांची माशी, क्रायसोमिया मेगासेफाला. काही मिनिटांत हजर होते. नाकपुड्या, डोळ्यांचे कोपरे, फाटलेली जखम अशा ओल्या, आडोशाच्या जागा शोधून ती पांढुरक्या अंड्यांचे पुंजके घालते. पाठीवर तीन काळे पट्टे असलेली करडी मांसमाशी उशीर झाला तरी मागे राहत नाही, कारण ती अंडी घालतच नाही, थेट जिवंत अळ्या सोडते. मुंगळेही आलेच. ते अंडी उचलून नेतात, आणि तेवढ्याने पुढचा सगळा हिशेब चुकू शकतो.

दुसऱ्या दिवशी जखमेत अळ्या वळवळत होत्या. अळी डोकं मांसात खुपसून खाते आणि श्वास मागच्या टोकाने घेते. म्हणून सगळ्यांची शेपटं वर. भिंगाखाली त्या टोकावर दोन तपकिरी ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपक्यात बारीक फटी. वाढीच्या दुसऱ्या अवस्थेत दोन, तिसऱ्या अवस्थेत तीन. अळीचं वय काढायला सुरुवात होते ती या फटी मोजण्यापासून. पुढे मात्र सगळं उष्णतेवर. ऊब असेल तर अळी झपाट्याने वाढते, गारठ्यात रेंगाळते. त्यामुळे तास मोजून भागत नाही, तासांना तापमानाची जोड द्यावी लागते. त्यात अळ्यांचा गोळा स्वतःच तापतो. तापमापकाचं टोक त्यात खुपसलं तर पारा बाभळीच्या सावलीतल्या हवेपेक्षा सरळ वर गेला.

मग अंगावर मांसल काटे असलेल्या दुसऱ्या अळ्या दिसू लागल्या. क्रायसोमिया रुफिफेसिस. ही मांसाबरोबर शेजारच्या अळ्याही खाते. म्हणजे सगळ्यात आधी आलेला साक्षीदारच फस्त होऊ शकतो. या शास्त्राबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते या एका गोष्टीने. अळी मृत्यूची वेळ सांगत नाही. मिळालेल्या सगळ्यात थोरल्या अळीचं वय सांगते, म्हणजे मृत्यू निदान एवढा जुना आहे, इतकंच. माशी साधारणपणे रात्री अंडी घालत नाही. प्रेत गोधडीत किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं असेल तर तिला उशीर होतो. हा उशीर अळीच्या अंगावर लिहिलेला नसतो.

खाऊन टम्म झालेल्या अळ्या शेळी सोडून मातीत शिरल्या. तिथे त्यांचे तपकिरी कोष होतात, गव्हाच्या दाण्याएवढे. म्हणून प्रेताखालची आणि आजूबाजूची मातीही चाळावी लागते. रिकामं टरफल मिळालं तर माशीची एक अख्खी पिढी तिथे होऊन गेली. शेवटी सुकल्या कातड्यावर भुंगेरे येतात, त्यात एक निळा, तांबड्या पायांचा, फार देखणा.

या विद्येची एक फार जुनी नोंद चीनमधली. सोंग त्सू या न्यायाधिकाऱ्याच्या 1247 च्या ग्रंथात विळ्याने झालेल्या खुनाची हकिगत आहे. गावातले सगळे विळे जमिनीवर मांडले, आणि धुतलेल्या एकाच विळ्यावर माश्या घोंगावल्या. ऊसतोडीच्या हंगामात कोयते बघणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट लगेच पटते.

दुसरी हकिगत आपल्याला जवळची आहे ती माणसामुळे. बक रक्स्टन हा मुंबईचा पारशी डॉक्टर, मूळ नाव बख्त्यार हकीम, इंग्लंडमधल्या लँकेस्टरमध्ये प्रॅक्टिस करायचा. सप्टेंबर 1935 मध्ये त्याने त्याची बायको म्हणून राहणारी इझाबेला आणि मुलांना सांभाळणारी मेरी रॉजरसन यांना मारून तुकडे स्कॉटलंडमधल्या मॉफटजवळच्या घळीत टाकले. तिथल्या अळ्यांवरून ग्लासगोच्या अलेक्झांडर मर्न्स यांनी 12 ते 14 दिवस असा अंदाज काढला. तुकडे गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची तारीख होती 15 सप्टेंबर. मे 1936 मध्ये रक्स्टनला फाशी झाली.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे, आणि हे अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. चांगलंच आहे. पण अळी कुणाची वाट बघत नाही, आणि पंचनाम्यात "प्रेतास अळ्या पडलेल्या" एवढं लिहून तिचं वय कळत नाही.

म्हणून मी त्या शेळीवर सरावच केला. वेगवेगळ्या जागांच्या सगळ्यात मोठ्या अळ्या निवडल्या. निम्म्या थर्मासमधल्या कढत पाण्यात बुडवून मग ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये टाकल्या. जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर काळी पडून आकसते आणि लांबी खोटी निघते. उरलेल्या कलेजीच्या तुकड्यावर भोकं पाडलेल्या डब्यात ठेवल्या, कारण खरी जात ओळखायला माशी बाहेर पडलेली बरी. चिठ्ठीवर तारीख, वेळ, शरीरावरची जागा, हवेचं आणि मातीचं तापमान. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

एवढं सामान कुठल्याही पोलीस चौकीच्या कपाटात मावेल. गुराख्याला डबा दाखवला, तर तो म्हणाला, "माझ्या म्हशीच्या जखमेत पडल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?"