ओझोन-प्रदूषण व नागरी प्रवास

उन्हाळ्यात जमिनीलगतच्या हवेत साचणाऱ्या ओझोन वायूमुळे होणारे प्रदूषण आणि ते कमी करण्यासाठी शहरवासीयांच्या रोजच्या ये-जा करण्याच्या पद्धतीत केले जाणारे बदल, यांचा विचार या विषयात केला जातो. ओझोन हा ऑक्सिजनाच्या तीन अणूंचा रेणू असून तो फिकट निळसर, उग्र वासाचा व अतिशय क्रियाशील असा वायू आहे. स्थितांबरातील ओझोन सूर्याकडून येणारे घातक जंबुपार किरण शोषून घेतो व त्यामुळे तो जीवसृष्टीचा संरक्षक ठरतो. तोच वायू श्वासोच्छ्‌वासाच्या हवेत आला म्हणजे मात्र विषारी ठरतो. रेणू एकच असला, तरी या दोन ठिकाणच्या ओझोनाचे प्रश्न परस्परांहून भिन्न आहेत. वरच्या थरातील ओझोन टिकविणे आणि खालच्या थरातील ओझोन होऊ न देणे, ही दोन वेगवेगळी कार्ये होत.

निर्मिती : कारखान्याच्या धुराड्यातून किंवा मोटारगाडीच्या नळीतून ओझोन बाहेर पडत नाही. तेथून बाहेर पडतात ती नायट्रोजनाची ऑक्साइडे व बाष्पनशील कार्बनी संयुगे. ओझोन ही त्यांच्यापासून हवेतच तयार होणारी दुय्यम वस्तू आहे. सु. ४२० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या प्रकाशाने नायट्रोजन डाय-ऑक्साइडाचा रेणू फुटून ऑक्सिजनाचा एक अणू सुटा होतो व तो हवेतील ऑक्सिजनाच्या रेणूशी संयोग पावून ओझोन बनतो. मागे राहिलेला नायट्रिक ऑक्साइड याच ओझोनाशी विक्रिया करून पुन्हा नायट्रोजन डाय-ऑक्साइड होतो. एवढेच घडत राहिले, तर हवेत ओझोनाचा साठा फारसा होणार नाही. परंतु पेट्रोल, रंग, द्रावके इत्यादींतून निघालेल्या कार्बनी संयुगांपासून बनणारे क्रियाशील घटक ओझोन न वापरताच नायट्रिक ऑक्साइडाचे रूपांतर करतात आणि त्यामुळे ओझोन साचत जातो.

या प्रकाराचा उलगडा प्रथम लॉस अँजेल्स येथे झाला. त्या शहरात १९४३ च्या जुलैमध्ये डोळे चुरचुरविणारे दाट धूमधुके पसरले व पुढे ते वारंवार दिसू लागले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ आरी यान हाखेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत असे दाखवून दिले की, मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनाची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धूमधुके निर्माण होते. कोळशाच्या धुरामुळे होणाऱ्या लंडनच्या धुक्याहून हे निराळे असल्याने त्यास प्रकाशरासायनिक धूमधुके असे म्हणतात.

लख्ख ऊन, उच्च तापमान, मंद वारा आणि तापमान-व्युत्क्रमणामुळे हवेचे ऊर्ध्व मिश्रण न होणे, या परिस्थितीत ओझोनाची निर्मिती व साठा वाढतो. यामुळे समशीतोष्ण प्रदेशांत ही समस्या मुख्यतः उन्हाळ्याची असते. दिवसाच्या चक्रातही तिचा ठराविक क्रम दिसतो. सकाळच्या वाहतुकीच्या वेळी पूर्वगामी वायू हवेत मिसळतात, दिवस चढतो तसा ओझोन वाढतो, दुपारी तो कमाल पातळी गाठतो आणि सूर्यास्तानंतर उतरतो. दरम्यान वारा वाहत असेल, तर शहरात सुरू झालेल्या विक्रियेचे फळ कित्येक किलोमीटर दूरच्या उपनगराला वा शेतीला भोगावे लागते.

अपाय : ओझोन श्वसनमार्गाच्या अस्तराचा दाह करतो. खोकला, छातीत दुखणे, दीर्घ श्वास घेताना त्रास होणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. दमेकऱ्यांचा विकार त्यामुळे बळावतो. मुले, वृद्ध आणि उघड्यावर कष्टाचे काम करणारे मजूर यांना धोका अधिक असतो. कारण श्रम करताना अधिक हवा फुप्फुसात घेतली जाते. ओझोन हा वायू असल्यामुळे कापडी मुखपट्टीने तो अडविला जात नाही. वनस्पतींच्या पर्णरंध्रांतून आत शिरून तो प्रकाशसंश्लेषणात व्यत्यय आणतो व गहू, सोयाबीन यांसारख्या पिकांचे उत्पन्न घटवितो.

जागतिक आरोग्य संघटनेने आठ तासांच्या सरासरीसाठी दर घन मीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा सांगितली असून २०२१ मध्ये तीत अधिक ओझोनाच्या हंगामासाठी ६० मायक्रोग्रॅम या सरासरीची भर घातली. भारतात २००९ मध्ये घोषित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार आठ तासांसाठी १०० व एका तासासाठी १८० मायक्रोग्रॅम या मर्यादा आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१५ पासून आठ तासांची मर्यादा दर अब्ज भागांत ७० भाग अशी आहे.

प्रवासाशी संबंध : ओझोनासाठी लागणारा कच्चा माल दुपारच्या आधी हवेत असावा लागतो आणि शहरांत तो मोठ्या प्रमाणात सकाळी कामावर जाणाऱ्या वाहनांतून येतो. म्हणून सकाळच्या प्रवासात टाळलेले उत्सर्जन हे त्या दिवसाच्या दृष्टीने रात्रीच्या उत्सर्जनापेक्षा अधिक मोलाचे असते. गाडीचे इंजिन व त्यास जोडलेला उत्प्रेरक परिवर्तक थंड असताना न जळालेली हायड्रोकार्बने अधिक बाहेर पडतात. त्यामुळे मैल-दोन मैलांची फेरीही अंतराच्या मानाने बरेच प्रदूषण करते. चालत वा सायकलीने सहज जाता येईल अशा फेऱ्या टाळण्याचे महत्त्व यातून स्पष्ट होते. पेट्रोल भरताना त्याची वाफ हवेत जाते. ती विक्रियेत भाग घेऊ नये म्हणून उन्हाळ्यात सायंकाळनंतर पेट्रोल भरावे, अशी सूचना अनेक ठिकाणी दिली जाते.

तथापि मोटारी कमी झाल्या की ओझोन त्याच प्रमाणात कमी होईल, असे मात्र नाही. नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो, हे वर आलेच आहे. जेथे नायट्रोजनाची ऑक्साइडे विपुल व कार्बनी संयुगे तुलनेने कमी असतात, अशा दाट शहरी भागात केवळ ऑक्साइडे घटविल्यास ओझोन काही काळ वाढतो. लॉस अँजेल्सच्या परिसरात शनिवार-रविवारी डीझेल मालमोटारी कमी धावत असूनही ओझोन आठवड्यातील इतर दिवसांपेक्षा जास्त असल्याचे आढळून आले आहे. २०२० मधील टाळेबंदीत वूहान, रोम, व्हॅलेन्सिया इ. शहरांतही नायट्रोजनाची ऑक्साइडे झपाट्याने उतरली, परंतु ओझोन वाढला. याउलट जेथे झाडांपासून कार्बनी संयुगे भरपूर मिळतात, तेथे नायट्रोजनाची ऑक्साइडेच निर्णायक ठरतात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहर अशा वनाच्छादित प्रदेशात आहे. तेथील वृक्षांच्या आयसोप्रीनाकडे दुर्लक्ष करून केवळ हायड्रोकार्बनांवर नियंत्रण ठेवणे अपुरे पडेल, हे विल्यम कमाइडीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले होते.

अटलांटाचा अनुभव : याच शहरात १९ जुलै ते ४ ऑगस्ट १९९६ या काळात ऑलिंपिक क्रीडासामने भरले. वाहतूक ठप्प होऊ नये म्हणून सार्वजनिक वाहतूक चोवीस तास चालू ठेवण्यात आली, सु. १,००० जादा बसगाड्या आणण्यात आल्या, शहराचा मध्यभाग खाजगी मोटारींना बंद करण्यात आला आणि कामाच्या वेळा बदलणे व घरून काम करणे यांस कार्यालयांकडून उत्तेजन देण्यात आले. हवा शुद्ध करणे हा या योजनेचा मुख्य हेतू नव्हता. तरीही तिचा परिणाम मोजण्याजोगा झाला. सामन्यांच्या आधीच्या व नंतरच्या चार-चार आठवड्यांशी तुलना करणारे एक संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार कामाच्या दिवसांतील सकाळच्या कमाल गर्दीच्या वेळची वाहतूक २२.५ टक्क्यांनी घटली, ओझोनाची दैनिक कमाल पातळी दर अब्ज भागांत ८१.३ वरून ५८.६ भागांवर, म्हणजे २७.९ टक्क्यांनी उतरली, आणि शासकीय वैद्यकीय साहाय्य घेणाऱ्या मुलांतील दम्याचे तातडीचे प्रसंग ४१.६ टक्क्यांनी कमी झाले. हे आकडे जगभर उद्‌धृत झाले.

पुढे अधिक सखोल तपासणीत त्यांचा अर्थ मर्यादित झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, त्या दिवसांत अटलांटापासून दूर असलेल्या आसपासच्या इतर शहरांतही ओझोन तसाच उतरला होता. म्हणजे घट बऱ्याच अंशी हवामानामुळे होती. रुग्णालयांतील तातडीच्या भेटींची संख्या ऋतुमानानुसार होणारे चढउतार वजा केल्यावर निश्चितपणे घटलेली दिसली नाही. मुलांचे दम्याचे झटके उन्हाळी सुटीत तसेही कमी होतात. गर्दीच्या वेळची वाहतूक मात्र खरोखरच घटली होती, आणि योग्य सोय केल्यास लोक प्रवासाची सवय बदलतात ही गोष्ट अबाधित राहिली.

इतर प्रयोग : जर्मनीतील हाइलब्रॉन व नेकारझुल्म या शहरांत १९९४ च्या जूनमध्ये चार दिवस वाहतुकीवर कडक निर्बंध घालून ओझोनाचे मापन करण्यात आले. तेथील पूर्वगामी वायू घटले, परंतु ओझोनात लक्षणीय फरक पडला नाही. ओझोन वाऱ्याबरोबर बाहेरून येतो व प्रयोगाचे क्षेत्र लहान होते, हे त्याचे कारण होय.

सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराच्या परिसरात १९९१ पासून ‘हवा वाचवा’ या अर्थाच्या नावाची मोहीम चालते. ओझोनाचा धोका असलेल्या दिवसाची आदल्या दिवशी पूर्वसूचना देऊन लोकांना गाडी घरी ठेवण्याचे आवाहन केले जाते. काही वर्षी अशा दिवशी सार्वजनिक वाहतूक विनामूल्यही ठेवली गेली. २००९ मधील एका अभ्यासानुसार सूचनेच्या दिवशी वाहतूक २.५ ते ३.५ टक्क्यांनी घटत होती व ही घट सकाळच्या गर्दीच्या वेळी आणि तिच्यानंतर लगेच सर्वांत जास्त होती. मात्र ओझोनावर तिचा नोंद घेण्याजोगा परिणाम दिसला नाही.

सक्तीचे उपायही करून पाहण्यात आले. दक्षिण कॅलिफोर्नियात १९८८ पासून १०० वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना नोकरांच्या एकट्याने होणाऱ्या मोटारफेऱ्या कमी करण्याची योजना आखणे बंधनकारक करण्यात आले. १९९० च्या सुधारित संघीय कायद्याने अशी तरतूद तीव्र ओझोन-प्रदूषणाच्या इतर भागांनाही लागू केली. परंतु मालकवर्गाच्या विरोधामुळे १९९५ मध्ये ती ऐच्छिक झाली.

या सर्व अनुभवांवरून काही निष्कर्ष निघतात. एका दिवसाच्या आवाहनाने होणारी घट हवेच्या मानाने फार लहान असते. लहान क्षेत्रावरील निर्बंध अपुरे पडतात. बदल संपूर्ण हवाखोऱ्यात व्हावा लागतो, तो सर्व हंगामभर टिकावा लागतो आणि स्थानिक रसायनास अनुसरून दोन्ही पूर्वगामी घटक कमी करणारा असावा लागतो. लॉस अँजेल्समध्ये १९५० नंतरच्या दशकात ओझोनाची तासिक कमाल पातळी दर अब्ज भागांत ५०० भागांच्याही वर जात असे. पुढे मोटारींची संख्या वाढत गेली, तरी ही पातळी बरीच खाली आली, त्याचे श्रेय मुख्यतः उत्प्रेरक परिवर्तक व इंधनविषयक कडक नियम यांकडे जाते. तरीही तेथे उन्हाळ्यात अनेक दिवशी मानकाचे उल्लंघन होते. यंत्रातील सुधारणेनंतर उरलेला भाग फेऱ्यांची संख्या घटवूनच कमी करावा लागतो.

प्रवासाचे पर्याय : यांत आगगाडी, मेट्रो व बस, एका मोटारीत अनेकांनी मिळून जाणे, सायकल, पायी जाणे, घरून काम करणे आणि कामाच्या वेळा विभागणे यांचा समावेश होतो. विजेवर चालणाऱ्या वाहनातून रस्त्यावर वायू बाहेर पडत नाहीत. मात्र वीज कोळशापासून होत असल्यास नायट्रोजनाची ऑक्साइडे वीजकेंद्रात निर्माण होतात. सायकलस्वाराने व पादचाऱ्याने अधिक ओझोनाच्या दिवशी दुपारचे श्रम टाळून सकाळी प्रवास करणे इष्ट असते. व्यक्तीची निवड सोयीवर अवलंबून असते. बस वेळेवर नसेल, पदपथ नसेल वा नोकरीचे ठिकाण घरापासून फार दूर असेल, तर केवळ उपदेशाने मोटार सुटत नाही.

भारतातील स्थिती : भारतात प्रखर ऊन बहुतेक वर्षभर असते; त्यामुळे ओझोन येथे केवळ उन्हाळ्यापुरता मर्यादित नाही. महाराष्ट्रात पावसाळ्यात ढगाळ आकाश व समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा यांमुळे तो उतरतो आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चढा राहतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेची पूर्वसूचना देणारी यंत्रणा विकसित केली. ती दिल्लीत २०१०, पुण्यात २०१३ व मुंबईत २०१५ मध्ये सुरू झाली व तीत ओझोनाचाही अंतर्भाव आहे. दिल्लीत १५ ते ३० एप्रिल २०१६ या काळात सम व विषम क्रमांकांच्या मोटारी आलटून पालटून चालविण्याचा नियम पुन्हा लागू झाला. मात्र दुचाकी वाहनांना त्यातून सूट होती व योजनेचा रोख मुख्यतः धूलिकणांवर होता. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत मानक सहा या नियमांमुळे नव्या वाहनांतून बाहेर पडणारे वायू बरेच घटले आहेत. मुंबईत लोकलगाडी व बस यांवर प्रवासाचा मोठा भार पूर्वीपासून आहे. पुण्यासारख्या शहरात, जेथे सायकलींची जागा गेल्या काही दशकांत दुचाकी मोटारींनी घेतली, तेथे प्रवासाच्या सोयी वाढविताना त्या ओझोनाच्या रसायनाशी जुळतात की नाही हे पाहणे आवश्यक ठरते. त्यासाठी दोन्ही पूर्वगामी घटकांचे व ओझोनाचे सतत मापन, आणि तेही शहराच्या मध्यभागाबरोबरच वाऱ्याच्या दिशेस असलेल्या उपनगरांत व शेतीच्या पट्ट्यात होणे, ही पहिली पायरी होय.