छापलेलं अक्रोड आणि त्यावरचे ओरखडे

1930च्या दशकातल्या अनेक अमेरिकन रेडिओंच्या पेट्यांवर अक्रोडाच्या गर्द, वळणदार रेषा दिसतात. त्यातल्या बऱ्याच रेषा झाडाने काढलेल्याच नाहीत. त्या छापलेल्या आहेत, आणि पेटी हाती घेणाऱ्याला हे आधी ओळखता आलं पाहिजे.

1929च्या मंदीनंतर मोठाले कपाटवजा रेडिओ परवडेनासे झाले. फिलाडेल्फियाच्या फिल्को कंपनीने 1930मध्ये टेबलावर मावणारा ‘बेबी ग्रँड’ 49.50 डॉलरला आणला आणि स्वस्त संचांची चुरस लागली. पुढे पेटीवरचा खर्चही आखडला गेला. अनेक पेट्यांत खरं व्हिनिअर, म्हणजे अस्सल लाकडाचा पातळ पापुद्रा, दर्शनी भागापुरतं उरलं. कडा, बैठक, कधी बाजूसुद्धा हलक्या लाकडाच्या झाल्या आणि त्यांवर छपाई आली. या कामाला तिकडे ‘फोटोफिनिश’ म्हणतात.

त्याची रीत मला फार हुशारीची वाटते. उत्तम अक्रोडाच्या फळीचा फोटो घेऊन धातूवर कोरायचा, त्यात शाई भरायची, जादाची पुसून घ्यायची. मग मऊ रूळ फिरवून ती शाई उचलायची आणि पेटीच्या लाकडावर उतरवायची. लाकडाला आधीच पिवळसर तपकिरी अस्तर दिलेलं असे. शेवटी वरून नायट्रोसेल्युलोज लॅकरचे हात. म्हणजे सगळं सौंदर्य शाईच्या एका पातळ थरात, अस्तर आणि लॅकर यांच्या मधोमध. याला नक्कल म्हणून हिणवणं मला मान्य नाही. तुटपुंज्या मिळकतीच्या घरातही देखणी वस्तू यावी म्हणून केलेली ती कारागिरी आहे.

म्हणूनच आपल्याकडच्या पॉलिशकामाची नेहमीची पद्धत इथे घात करते. रीमूव्हर लावा, पॉलिश पेपरने घासा, मग चपड्याच्या लाखेचे हात द्या, हे सागवानी कपाटाला शोभतं. इथे रीमूव्हर लागताच लॅकरबरोबर रेषाही फडक्यावर येतात आणि खाली फिकट, कोरं लाकूड उरतं. ते पुन्हा अक्रोड होत नाही.

ओरखड्यांची पारख मात्र सोपी आहे. पेटी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने अलगद पुसावी. ती सुकली, की ओरखड्यावर मिनरल टर्पेंटाइनचा थेंब लावावा. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला, तर इजा वरच्या लॅकरपुरतीच आहे. लॅकरचा पातळ हात पुरतो. फिकटच राहिला, तर शाई गेली आहे. तिथे खरं काम सुरू होतं.

आधी अस्तराचा रंग जुळवायचा, तोही आजूबाजूच्या सर्वांत फिकट छटेशी, कारण गडद करणं पुढे केव्हाही जमतं. त्यावर मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात, म्हणजे पुढची चूक पुसली तरी अस्तर शाबूत राहतं. मग अगदी बारीक कुंचल्याने, अंबर आणि सिएना या मातकट रंगांत, तुटलेली एकेक रेष दोन्ही टोकांकडून आत ओढत आणायची. सलग, ठसठशीत रेघ मारली की डाग उलट उठून दिसतो. मूळ रेषा कुठे जाड, कुठे तुटक असतात, तशाच काढाव्यात. लॅकर चढल्यावर रंग गडद दिसतो, म्हणून छटा ओली असतानाच, दिवसाच्या उजेडात ताडून पाहावी. खोल खड्डा असेल तर तो आधी लाखेच्या कांडीने भरून सपाट करावा. मेणाने भरू नये. मेणावर लॅकर धरत नाही.

शेवटी रंगछटा मिसळलेल्या लॅकरचे हलके फवारे, आणि थांबायचं. हातभर अंतरावरून ओरखडा दिसला नाही, की काम झालं. भिंग लावून परिपूर्णता शोधणारा माणूस शेजारची शाबूत शाईही रंगवून बसतो. चार ओरखडे राहिलेली मूळ पेटी मला घासून चकचकीत केलेल्या पेटीपेक्षा केव्हाही मोलाची वाटते.

चोरबाजारातून किंवा घरच्या माळ्यावरून असा संच तुमच्या हाती आला, तर पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी खालची कड भिंगातून पाहा. लाकडाची बारीक छिद्रं रेषांना धरून नसतील आणि टवका उडालेल्या जागी रेषाही संपत असतील, तर ती छपाई आहे. तसं दिसलं, तर पेटीला कोणालाही पॉलिश पेपर लावू देऊ नका.